सत्तावीसचं स्थळ

आमच्या शेजारच्या नानांना कोणी वय सांगितलं, की ते आधी त्या वयाचे वाटे पाडतात. नमस्कार नंतर.

एरंडोलला त्यांच्या-आमच्या घरात एकच भिंत आहे. नाना जिनिंग फॅक्टरीत होते, आता घरी असतात. नानी वारल्यापासून एकटेच. त्यांचं म्हणणं असं, की ज्या लहान आकड्यांनी एखादा आकडा पुरता भागला जातो, ती त्याच्या घरची माणसं. दहाच्या घरी एक, दोन आणि पाच. बेरीज आठ, म्हणजे दहा उणा. बाराच्या घरच्यांची बेरीज सोळा, म्हणून बारा उतू गेलेला. अठ्ठावीसच्या घरी एक, दोन, चार, सात, चौदा. बेरीज अठ्ठावीसच. तो भरलेला. म्हणून नाना भरताला अठ्ठावीस वांगी आणतात आणि गल्ली दोन दिवस भरीत खाते.

भरीत खाऊनही गल्ली त्यांना टाळते. पोस्टमन सायकलवरून उतरत नाही. फक्त माझी वैशाली संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून रोज एक आकडा सांगायची आणि नाना तो शेंगेसारखा सोलायचे. मी चौथी शिकलेली. भिंतीआडून पाढे म्हणून तपासायचे. चूक कधी सापडली नाही.

वैशालीला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा नरडाण्याला कारखान्यात, स्वभावाने साधा, तिला आवडलेला. तिचे वडील नाहीत, म्हणून मोठं माणूस म्हणून नानांना बसवलं. त्यांनी मुलाला वय विचारलं. तो म्हणाला, सत्तावीस.

नानांनी बोटांवर वाटे पाडले. मग म्हणाले, सत्तावीसच्या घरी एक, तीन आणि नऊ. बेरीज तेरा, निम्मीसुद्धा भरत नाही. वर्षभर थांबा, पुढच्या वर्षी मुलगा भरेल.

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. "म्हणजे आमना पोऱ्या उणा शे का?"

"आज शे," नाना म्हणाले. "तुम्हना दोष नही."

कळवतो म्हणून ती माणसं उठली. कळवतो म्हणजे काय, हे मुलीच्या आईला सांगावं लागत नाही. वैशालीने ओट्यावर जाणं बंद केलं.

एका सकाळी नाना इस्त्रीचा सदरा घालून धुळ्याच्या एसटीत बसले. पुढचं मला मुलाच्या आईने फोनवर सांगितलं. नानांनी तिच्या टेबलावर सत्तावीस काड्यापेट्या रचल्या. तीन आडव्या, तीन उभ्या, असे तीन थर. म्हणाले, कोणत्याही बाजूने मोजा, तीनच भरतील. ही गोष्ट बारात नाही, अठ्ठावीसातही नाही. नक्षत्रंसुद्धा देवाने सत्तावीसच केली. तिला आकड्यातलं काही कळलं नव्हतं, पण एवढ्यासाठी म्हातारा माणूस एसटीने आला, हे तिला पटलं होतं. तारीख काढा म्हणाली. काड्यापेट्या तिच्याकडेच राहिल्या.

संध्याकाळी मी नानांना चहा दिला. मी सहसा त्यांच्याशी बोलत नाही. त्या दिवशी विचारलं, नाना, हे तीन थरांचं तुम्हाला तेव्हा आठवलं नव्हतं का?

"आठवलं व्हतं," ते म्हणाले. मग कपाकडे बघत, "पोर वरीसभर आठेच, ह्या ओट्यावर राहिली असती, ताई."

मी ओट्याच्या कडेला बसले आणि म्हटलं, "छप्पन्न." पाढ्यातला तेवढाच आठवला.

नाना सावकाश वाटे पाडू लागले.