एवेलियोची गांधीलमाशी

सकाळी एवेलियोने तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. आदल्या दिवशी बेसबॉलच्या मैदानात सान्तियागोचा संघ हरताना त्याने एकट्याने पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, त्याचं हे फळ. आणि आज चौकात रुएदा नाचाची निवड. जोड्या गोल करून नाचणार, त्यांच्यातलाच एकजण नाचता नाचता पुकारा करणार, आणि पुकाऱ्यासरशी गिरक्या, टाळ्या, जोडीदारांची अदलाबदल. जिंकेल ती गल्ली कार्निव्हलला जाणार. या गल्लीचा पुकारा कायम एवेलियोचाच.

"आज मी पुकारते," बायको नेरेइदा म्हणाली. "सगळं पाठ आहे मला."

एवेलियोने हात नाचवून दाखवला. बँड चढला की मंडळी एरवीही हाताच्या खुणांवरच नाचतात, तेव्हा त्याचं अगदीच चूक नव्हतं.

"बरं बाबा, तूच कर. उसाचा रस तरी पी, घशाला बरा."

रस अर्धा पोटात गेला, अर्धा शर्टावर. चौकात पोचेस्तोवर एक गांधीलमाशी मागे लागली होती.

ढोल सुरू झाले. एवेलियोने माशी हाकलायला डोक्यावर हात फिरवला. ती खूण जोडीदार बदलायची! बायका झर्रकन पुढच्या पुरुषाकडे सरकल्या. त्याने पुन्हा हात फिरवला, त्या पुन्हा सरकल्या.

"याला आज झालंय काय?" नळदुरुस्तीवाला कासिमिरो पुटपुटला.

"हात बघ आणि नाच," त्याच्या हातात आलेली नेरेइदा म्हणाली.

एवेलियोने मानेवर चापट मारली. सगळ्या पुरुषांनी मारली, तीही ठेक्यावर. धन्य ती मंडळी, एकाचंही पाऊल चुकलं नाही. चौक खूश झाला.

मग माशी बोटाला डसली आणि एवेलियोने हात काखेत दाबला. अशी खूणच नव्हती. रिंगण अडखळलं. शेवटी ज्याची जोडीदार त्याला परत मिळाली नाही, तर निवड गेलीच.

"दामे!" नेरेइदाचा खणखणीत आवाज आला. अदलाबदलीचा हा पुकारा ऐकताच बायका पुढे सरकल्या. तिने एकेक पुकारा करत सगळ्यांना आपापल्या जोडीदाराकडे परत आणलं आणि शेवटच्या ठोक्याला स्वतः एवेलियोच्या मिठीत आली.

"वा! पुकारा कुणाचा?" निवडीच्या परीक्षक एदुविखिस आजींनी विचारलं. "कार्निव्हललाही त्यानेच करायचा."

आजवर तो मान एवेलियोचाच होता. पण बायकोचा त्याला इतका अभिमान वाटत होता की सुजलेलं बोट आपसूक तिच्याकडे वळलं. त्याबरोबर रिंगणातल्या सगळ्या पुरुषांनी सवयीने नेरेइदाकडे बोट केलं.

"ही शेवटची खूण फार सुरेख," आजी म्हणाल्या. "तेवढी ठेवा."