राख पायजे, गोळी नको

आमच्या पौडच्या बाजारात ब्लाउज शिवायला टाकला, की बाकीचे शिंपी माप घेतात. युनूसभाई आधी काडी ओढतात. कापडाचा नखाएवढा कोपरा कात्रीनं कापायचा, चिमट्यात धरायचा, पेटवायचा आणि त्याच्याकडं असं टक लावून बघायचं, की गिऱ्हाइकाला वाटावं आपण चुकून मांत्रिकाकडं आलो. मग निकाल. मऊ राख झाली, म्हणजे कापड सुती, तर मान डोलवतात. काळी, कडक गोळी झाली, म्हणजे पॉलिस्टरची भेसळ, तर कापड दोन बोटांत धरून परत देतात आणि म्हणतात, "राख पायजे, गोळी नको."

आता तुम्ही म्हणाल, यात बिघडलं काय. बिघडलं असं, की माझं मॅचिंग सेंटर त्यांच्या दुकानाला चिकटून आहे, मधे नुसती प्लायची भिंत. बाई माझ्याकडून प्युअर कॉटन म्हणून पीस घेते, तशीच भिंतीपलीकडं जाते, आणि तिथं माझं प्युअर कॉटन दुधाच्या पिशवीसारखं आकसतं. बाई परत माझ्या दारात. मी काय कापूस वेचायला जाते का? होलसेलवाला जे सांगतो तेच मी सांगते.

"युनूसभाई, माझा धंदा बसवायचा असेल तर सरळ सांगा," मी एकदा म्हटलं. "शटर ओढून घरी बसते."

"तुमच्यावर राग न्हाई वैनी," ते म्हणाले. "पन खात्री केलेली बरी."

कसली खात्री, असं गिऱ्हाइकानं विचारलं, की ते मशीनचं चाक फिरवायला लागतात. जवळच्या रिहे गावातल्या एका फार्महाऊसवाल्या मॅडम पडद्यांचं भारी कापड घेऊन आल्या होत्या. कापड ठेवून त्या बाकावर बसेपर्यंत यांनी कोपरा पेटवला पण. गोळी झाली. मॅडम चिडून म्हणाल्या, "भैया, ये इटली का है." युनूसभाईंनी शांतपणे घडी घातली. "इटलीत बी फसवत्यात," म्हणाले.

हा माणूस पूर्वी असा नव्हता. हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या रेश्माच्या कॉलेजापासून.

रेश्मा त्यांची एकुलती एक. तिची आई गेली तेव्हा पोरगी बालवाडीत होती. दुसरं लग्न करा म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. "वेण्या घालायला मला येत्यात," एवढं म्हणाले आणि विषय संपला. पोरगी मशीनच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगात वाढली. तिला शाळेतून यायला जरा उशीर झाला, की हे गळ्यात टेप अडकवून रस्त्यावर येऊन उभे. त्यांना जगात दुसरं कुणी नाही, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक. बारावी झाल्यावर हीच पोरगी म्हणाली, "अब्बा, मला वेल्डिंग शिकायचंय." आणि तेही साधं नाही. कॉलेजात जाऊन, डिग्रीचं.

बाजार चक्रावला. वेल्डिंगची डिग्री असते हेच कुणाला माहीत नव्हतं. चहावाला म्हणाला, मग भजी तळायची पण निघाली असंल. सगळ्यात जास्त गोंधळ युनूसभाईंचाच. सोमवारी सांगायचे, "विज्ञानाचं हाय." मंगळवारी, "लोखंडाचं एक्स-रे काढत्यात, डॉक्टरकीगतच." बुधवारी विचारलं तर म्हणायचे, "लई मोठं हाय ते," आणि घाईघाईनं काजं करायला घ्यायचे. लवळ्याच्या बाजूला डोंगरावर जी कॉलेजं झालीत, त्यातल्या एकात ॲडमिशन झालं. तिथले कुणी सर बोलता बोलता म्हणाले, डिग्री असली की पुढं इन्स्पेक्टर होता येतं. एवढं एकच वाक्य यांच्या डोक्यात बसलं.

"वैनी, आयटीआय म्हंजी उभं ऱ्हायाचं, डिग्री म्हंजी बसायचं. बरोबर हाय ना?"

मी म्हटलं असेल बाई. मला तरी काय कळत होतं. त्यांनी बाजारभर पेढे वाटले. पोरगी खुर्चीत, पंख्याखाली, समोर टेबल.

मग वर्कशॉप लागलं आणि तिथं घालायच्या कोटाचा विषय निघाला. कॉलेजात तयार कोट मिळतो, असं रेश्मानं सांगायचा अवकाश, युनूसभाईंचं तोंडच उतरलं. "शिंप्याची पोर रेडिमेड घालनार व्हय?"

इथं मला त्यांची एक रीत सांगायला हवी. नव्या कपड्याचा खिसा ते रिकामा देत नाहीत. शर्ट असो, झबलं असो, खिशात खडीसाखरेचा खडा टाकूनच घडी घालतात. खडा धुण्यात विरघळतो, मुंग्या लागतात, बायका कटकट करतात. हे ऐकतील तर शपथ. रेश्माच्या तर एकूण एक फ्रॉकला खिसा. परकर-पोलक्याला पण खिसा लावलेला मी बघितलाय.

तर कोट. तिच्या लग्नात स्वतःला सूट शिवायचा म्हणून त्यांनी टेरिकॉटचं उंची कापड जपून ठेवलं होतं. ते काढलं. चार खिसे, बाह्यांना दुमडलेले रुंद कफ, चकाकती बटणं. प्रत्येक खिशात खडीसाखर. कोट बघायला सगळी लाईन गोळा झाली. मी पण हात लावून बघितला, नंबर एक काम होतं. पोरगी लग्नातल्या करवलीसारखी दिसत होती.

सरांनी म्हणे आधीच सांगितलं होतं, की कपडा सुती हवा, खिसे नकोत, कफ नकोत, कारण ठिणगी उडून तिथंच जाऊन बसते. पण अब्बांनी एवढ्या हौसेनं शिवलेलं. तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. वरून कॉलेजचं चामड्याचं एप्रन बांधायचं आणि आत हा कोट. एप्रन मोठं, वर्गात गर्दी, त्यामुळं आतलं कुणाच्या लक्षात आलं नाही.

एके दुपारी मी अस्तर मागायला गेले तर ते तोच कोट इस्त्री करत होते. करता करता थांबले. कफाला बारकं भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडेला काळी, कडक गोळी. ती अंगठ्याखाली फिरवत राहिले. रेश्मा नुकतीच कॉलेजातून आली होती, कोपऱ्यात पाणी पीत होती.

"इस्त्री लागली असेल अब्बा," ती म्हणाली.

"इस्त्रीनं चमक येती पोरी. गोळी व्हत न्हाई."

त्यांनी तिचा हात धरला आणि बाही वर सारली. मनगटावर वाटाण्याएवढा भाजल्याचा डाग होता, सुकत आलेला. कापड वितळून कातडीला चिकटलं होतं. ठिणगी एप्रनवरून घरंगळून त्या हौसेच्या कफात जाऊन बसली होती.

मी ताडकन म्हटलं, "बंद करा हे खूळ युनूसभाई. काही नडलंय का पोरीच्या जातीला?"

रेश्मा अब्बांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिचं कॉलेज त्या घडीला एका शब्दावर होतं, आणि तो शब्द त्यांनी काढला असता तर ती उलटून बोललीही नसती. ते स्टुलावर बसले. बराच वेळ कोटाची घडी घालत होते, मोडत होते.

"बंद कसं करू वैनी," शेवटी म्हणाले. "कापड माझं चुकलं. पोरीचं काय चुकलं?"

दुसऱ्या दिवसापासून काडी सुरू झाली.

त्यानंतर एकदा डबा विसरली या निमित्तानं ते थेट वर्कशॉपच्या दारात जाऊन उभे राहिले. आत सगळे एकजात तोंडावर मुखवटा, हातात हातमोजे, मुलगा कोण आणि मुलगी कोण कळायची सोय नाही. "मग ओळखली कशी?" मी विचारलं. "खांद्यावरनं," म्हणाले. "डावा खांदा तिचा जरा वर असतोय. माप मीच घेतोय न्हवं." तेवढं ओळखून निघून यायचं की नाही? हे उघड्या डोळ्यांनी वेल्डिंगचा तो झगझगाट बघत बसले. संध्याकाळपर्यंत डोळे लाल झाले, वाळू गेल्यासारखी आग व्हायला लागली. मग दुकानात दोन्ही डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून आडवे पडले. गिऱ्हाइकं घाबरून परत जायला लागली.

"काय बघितलं एवढं?"

"पोरगी बघितली. उभीच हुती." चकत्यांखालून आवाज आला. "वैनी, डिग्रीला बी उभंच ऱ्हात्यात."

नवा कोट जाड्या सुती कापडाचा झाला. प्रत्येक पट्टी आधी जाळून बघितलेली. कफ नाहीत, खिसे नाहीत. बेतताना ते सारखे विचारत होते, "एक बारका बी न्हाई चालनार? आतनं लावला तर?" रेश्मा म्हणाली, "नाही अब्बा." त्यांनी खडूची रेघ पुसली.

डिग्री झाली आणि तिला नोकरी लागली ती दूर कोकणात, समुद्राकाठी जहाजं बांधतात तिथं. युनूसभाईंनी विचारलं, खुर्ची असंल ना? ती म्हणाली, "खुर्ची नंतर अब्बा. आधी उभं राहायचं." त्यांनी मान डोलावली. पटलं की नाही, देव जाणे. मला तर अजून कळलेलं नाही.

जायच्या दिवशी मी त्यांच्यासोबत एसटीच्या थांब्यावर गेले. त्यांनी नोकरीसाठी आणखी एक कोट शिवला होता, तसाच, सुती. तो तिच्या हातात दिला. गाडी येताना दिसली आणि हे एकदम गडबडले. उजवी मूठ घट्ट आवळलेली, कोट उलटापालटा करून बघतायत.

"वैनी, आता ही कुटं ठेवू?"

मूठ उघडली. आत खडीसाखरेचा खडा, घामानं चिकट झालेला.

"पिशवीत टाका की," मी म्हटलं. मला रागच आला होता, त्यांचा, तिचा, त्या जहाजांचा, सगळ्यांचा.

"पिशवी मी शिवलेली न्हाई."

गाडी थांबली. कंडक्टर चला चला करायला लागला. हे तसेच हात पुढं करून उभे. रेश्मानं पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि लहानपणी औषधाला उघडायची तसं तोंड उघडलं. त्यांनी खडा तिच्या जिभेवर ठेवला. मग ती गाडीत चढली.

आम्ही दुकानात परत आलो. ते मशीनवर बसले, पण चाक काही फिरेना. पायाशी चिंध्यांचा ढीग होता, त्याच्याकडं बघत राहिले. मला बघवलं नाही. मी माझ्या दुकानातून नवा पीस आणला, होलसेलवाल्यानं शपथ घेऊन दिलेला. स्वतःच्या हातानं त्याचा कोपरा कापला आणि काडेपेटीसकट त्यांच्यापुढं ठेवला.

"घ्या. करा खात्री."

त्यांनी काडेपेटी उचलली, कानाशी हलवून बघितली आणि परत ठेवली.

"आज ऱ्हाऊ द्या वैनी," म्हणाले. "डोळ्यास्नी उजेड सोसंना झालाय."

मी समोरच्या भाजीवालीकडं गेले आणि एक बटाटा घेऊन आले.