माधवनगरच्या मिसळीचे छायाचित्र सर जाहले, त्याची हकिगत

ही कैफियत लिहावयाची आज्ञा कोणा साहेबाने केली नाही. परंतु बखरनवीस या मोहिमेत जातीने हजर होता आणि दोन पाव जास्तीचे खाऊन बसला होता, सबब खाल्ल्या मिठास जागोन डोळां देखिले तेवढेच लिहितो. पदरचे तिखटमीठ लावीत नाही. ते अगोदरच बहुत पडिले आहे, हे पुढे कळोन येईल.

सांगली प्रांती, माधवनगर मुक्कामी, हुसेनबी म्हणोन मिसळीच्या हॉटेलाची मालकीण नांदत होती. मटकीची उसळ, त्यावर फरसाण, त्यावर कांदा, आणि सर्वांचे शिरी कट, म्हणजे तेलातिखटाचा लालभडक रस्सा, ऐसी तिची मिसळ तीस वर्षे दबदबा राखोन होती. गिरणीचा भोंगा होतांच बाकड्यांवर एकच गर्दी होई. मग गिरण्या बंद पडिल्या, आणि मग रयत अशी सुधारली की खाणे जिभेने न पारखितां मोबाईलच्या काचेवर बोट फिरवोन पारखू लागली. त्या काचेवर हुसेनबीच्या मिसळीचे जे चित्र होते ते कोणा गिऱ्हाइकाने ट्यूबलाइटखाली काढिलेले, आणि त्यात मिसळ दिसे ती बैल धुतल्या पाण्याजोगी. समोरच नवा कॅफे उठला, त्याचे चित्रांत पावाससुद्धा मेकअप. लोक तिकडे फिरले. जिभेचा कारभार डोळ्यांनी बळकाविला, तेथे बखरनवीस काय करील?

शेवटी हुसेनबीने फर्मान काढिले की, "शुक्रवारपत्तोर बाकडी भरली तर भरली. न्हाई तर चूल कायमची इझवायची." हे ऐकोन आम्ही हातचा पाव खाली ठेविला, ते उगीच का लपवावे?

तिची कन्या रुक्सार मोठी मसलती. तिने खलबत मांडिले की कसूर मिसळीची नव्हे, चित्राची. चित्र फिरवावे, म्हणजे रयत फिरेल. आणि तिने कवठे महांकाळाहून शिवतेज नामे छायाचित्रकार कुमकेस आणविला. हा लग्नांचे व्हिडिओ काढणारा. नवऱ्याकडोन एकच हार चार चार वेळां घालोन घेण्यात त्याचा हातखंडा. अन्न कधी चित्रिले नव्हते, परंतु त्याचे कार्डावर 'फूड' हा शब्द छापिला होता, आणि सांप्रत काळी छापिले ते सिद्धच.

गुरुवारी सकाळी त्याने दोन दिवे, एक पांढरी छत्री आणि थर्माकोल ऐसा सरंजाम आणोन मोर्चे बांधिले. मग झोळीतोन ग्लिसरीनची बाटली काढोन कांद्यावर फवारू लागला, जेणेकरोन कांदा चकाकेल. तेव्हां हुसेनबी खवळोन बोलिली, "आरं बाबा, खायाच्या जिनसावर औशद मारतुस व्हय?" आणि बाटली जप्त जाहली.

मग मिसळीवर कटाची धार पडतांना चित्रे घ्यावी ऐसे ठरोन, पळी घेऊन वाढपी लालासाहेब यांस तैनात केले. लालासाहेब फौजेत वीस वर्षे लंगरावर, म्हणजे पलटणीचे भटारखान्यात, काढोन आलेले. तेथे ते एवढेच शिकले की हुकूम आला तर विचारू नये, तामील करावा. शिवतेजाने इशारत केली आणि पहिली पळी पडिली. धार पुरी जाहली म्हणोन तो लग्नांतल्या सवयीने गर्जला, "कट!"

लालासाहेबांनी दुसरी पळी घातली.

"कट, कट!" म्हणतां आणखी दोन घातल्या. जों जों तो ओरडे, तों तों हे वाढीत. फरसाण बुडाले, कांदा तरंगला, कट वाटीचे काठ फोडोन ताटात उतरला आणि ताटातोन टेबलावर चाल करोन गेला. सातव्या पळीस रुक्सार रडकुंडीस आली. शिवतेज कपाळास हात लावोन म्हणाला, "आवं काका, कट म्हणलं की थांबायचं असतंय!" लालासाहेबांनी शांतपणे जबाब दिला, "गड्या, हितं कट म्हणलं की वाढायचं असतंय. थांबायचं आसंल तर 'बास' म्हण की."

परंतु या सर्व धामधुमीत शिवतेजाचे बोट कॅमेऱ्याचे बटणावरोन निघालेच नव्हते. चित्रे तपासितां एक असे निघाले की लाल तवंग दिव्यात लखलखतो आहे, वाफ वर उठली आहे, आणि वाटी तुडुंब होवोन ओसंडिते आहे. बखरनवीसाचे तोंडास पाणी सुटले. हा आपलाच बेत होता, ऐसे शिवतेजाने तत्काळ जाहीर केले आणि कोणी खोडिले नाही. पराक्रम बहुधा असेच मागाहून ठरतात.

गुरुवारी दोन प्रहरी रुक्सारने चित्र काचेवर चढविले. शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटली, कॉलेज सुटले, आणि लोक मोबाईल पुढे धरोन हॉटेलात शिरले. एकच मागणी, की चित्रात आहे तैशीच पाहिजे. हुसेनबी काकुळतीस येवोन म्हणाली, "लेकरांनू, एवढा कट सोसायचा न्हाई." कोण ऐकतो! लालासाहेबांनी सात सात पळ्या घातल्या.

पहिल्या जवानाने घास घेतला. कान तांबडे जाहले, डोळ्यांतोन धारा लागल्या, उचकी लागली, वाचा बंद. हुसेनबीने चुलीकडे पाहिले आणि आम्ही दाराकडे. मग त्या जवानाने हात उचलोन वाटीकडे बोट केले आणि उचकीत एकच शब्द उमटला, "कट..."

लालासाहेबांनी घातला. त्या बहाद्दराने थांबा म्हटले असेल की वाढा, याचा निवाडा आम्हांस आजतागायत जाहला नाही. परंतु त्याने वाटी पुसोन खाल्ली, आणि ते पाहोन बाकीचे तुटोन पडिले. तिसरे प्रहरी बाकडी पुरेनात म्हणोन लोक पायरीवर बसोन नाक पुशीत खात होते. हुसेनबीने पदराने डोळे टिपिले आणि कटाची वाफ लागली ऐसे सांगितले. आम्ही तैसेच नोंदविले.

दिवस कलतां तिने कन्येस हुकूम दिला, "मटकी दुप्पट भिजत घाल गं." हाच हुकूम म्हणजे फत्ते, आणि तीच येथे मोर्तब केली.