बिनफुकाचा बाजा

टिकाराम मास्तरांच्या हातात झांजा द्यायचं वासुदेवरावांनी जवळजवळ ठरवलंच होतं. साकोलीच्या त्यांच्या बँडमध्ये मास्तर वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते. पण आता अंतरा लागायच्या आधीच त्यांना धाप लागायची आणि उरलेलं गाणं ढोलवाल्याला एकट्यालाच ओढून न्यावं लागायचं.

त्याच उन्हाळ्यात, अठ्ठ्याऐंशी साली, मास्तरांचा साळा ताराचंद मस्कतहून सुटीवर आला. त्यानं करड्या प्लास्टिकचा एक बाजा आणला. पोटात बॅटरीचे सेल, अंगावर क्लॅरिनेटसारखी बोटांची बटणं. कडेचं एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की ट्रम्पेट.

"पोराईचं खेळणं आणलं का गा?" चंद्रकांताबाईंनी भावाला विचारलं.

"खेळणं नाही वो बाई, इलेक्ट्रॉनिक बाजा हाये. भाऊजी, हलकीशी फुक मारा फक्त."

मास्तरांनी चहावर घालावी तेवढी फुंकर घातली आणि घर दणाणलं. पुढचे आठ दिवस त्यांनी कुणाला झोपू दिलं नाही. झांजांचा विषय मागे पडला.

नव्या बाजाचं पहिलं लग्न सिहोऱ्याच्या गोमाजींच्या लेकीचं. बाजाची वायर बँडच्या हातगाडीवरच्या भोंग्याला जोडलेली. वरातीत मास्तर असे वाजले की नवरदेवाचे मामा कृष्णराव वरठीकर फेट्यासकट नाचले.

मग मंगलाष्टकं सुरू झाली. मास्तर बाजा गळ्यात तसाच ठेवून मांडवाच्या कडेला टेकले आणि त्यांनी एक भलंमोठं पान तोंडात कोंबलं. बाजाच्या पाठीला एक बारीकशी खिटी होती. ती कशाची, हे सांगायचं ताराचंद विसरला होता. कोटाच्या पितळी गुंडीत अडकून ती खिटी सरकली. सवयीनं मास्तरांची बोटं बटणांवर फिरली आणि भटजींनी श्वास घेतला नेमक्या त्याच क्षणी भोंग्यातून बासरी सुरू झाली.

भटजींच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तरांचा गाल पानानं फुगलेला, ओठांतून लाल ओघळ, आणि बाजा पोटावर वाजतोय! सगळ्यात जास्त हादरले ते मास्तर. भीतीनं बोटं आणखी आवळली गेली आणि सूर काही थांबेना.

"अरे, हा तं फुकूनच नाही राहिला!" कृष्णराव ओरडले. "टेप लावली हाये टेप! अन् मी येड्यावानी नाचलो!"

चार जणांनी हातगाडी उलथीपालथी केली. टेप काही निघाली नाही.

"मास्तर, माही इज्जत घेतली ना जी तुमी," गोमाजी रडवेले झाले.

"आईची आन, मीच फुकतो जी!" पान थुंकून मास्तर म्हणाले.

"मंग दाखवा फुकून," वासुदेवराव म्हणाले.

मास्तरांनी फुंकलं. बाजा वाजला.

"आता तोंड काढा," कृष्णराव म्हणाले.

मास्तरांनी तोंड काढलं. बाजा वाजतच राहिला. वीस वर्षं फुंकणारा माणूस, पण साक्षीला श्वाससुद्धा उभा राहिना.

"आपोआपच वाजते हा! आना इकडे!" कृष्णरावांनी बाजा ओढून घेतला आणि दहाही बोटं एकदम दाबली. भोंग्यातून असा चीत्कार निघाला की मांडवाबाहेरच्या बैलजोडीनं दावं तोडलं आणि भटजी अंतरपाटासकट नवरीच्या बाजूला आले. कृष्णरावांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, मग मास्तरांच्या, आणि बाजा मुकाट्यानं परत केला.

"बोटं तं याचीच हायेत," ते म्हणाले. "लावा भटजी, लगन लावा."

मास्तरांना वाटलं, आता आपल्याला कुणी बोलावणार नाही. पण महिन्याभरात कृष्णराव स्वतःच साकोलीला हजर झाले.

"माह्या रुखमाचं लगन हाये वरठीले. मास्तरच पायजे. पण एक अट. फुकाचं नाही."

"फुकट कायले वाजवू जी आमी?" वासुदेवराव चमकले.

"फुकट नाही गा, फुकाचं नाही! तोंड लावाचंच नाही बाजाले. लोक तेच पाहाले येऊन राहिले."

वरठीच्या लग्नाला तुमसरपासून माणसं आली. खिटी सरकवली की फुंकावं लागत नाही, हे मास्तरांना आता उमगलं होतं. ती सरकवून, ओठ घट्ट मिटून ते उभे राहिले आणि दिवसभर नुसत्या बोटांनी वाजवत राहिले. लोक जवळ येऊन त्यांच्या तोंडाकडे निरखून बघायचे आणि माना डोलवायचे. धाप लागली नाही, सूर चुकला नाही. तरीही मास्तरांना सारखं वाटत होतं की वाजवतंय कुणी दुसरंच.

संध्याकाळी पाठवणीची वेळ आली. रुखमा बापाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. मास्तरांनी विदाईची धून धरली. त्यांचे डोळे भरून आले, छाती भरून आली, आणि त्यांच्या नकळत बाजाची नळी ओठांत गेली. किती महिन्यांनी त्यांनी असा जीव ओतून फुंकलं!

तुमसरहून खास हेच बघायला आलेल्या आणि सकाळपासून त्यांच्या तोंडावर नजर ठेवून बसलेल्या शकुनबाई ताडकन उठल्या.

"अवो कृष्णराव, पाहा तं! हा चोरून फुकून राहिला!"

रडणं थांबलं. रुखमानंही पदर बाजूला करून पाहिलं. कृष्णरावांनी डोळे पुसले, लेकीला बाजूला केलं आणि ते बाह्या सारत मास्तरांकडे निघाले.