पिवळ्या अंगठ्याचा माग

"लिही," दाजी म्हणाले. "सुरुवात अशी कर. बुद्धीला हातपाय फुटले असते, तर ती हुबेहूब माझ्यासारखी दिसली असती."

मी लिहिलं. न लिहून सांगतो कोणाला? दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुढे त्यांनी सांगितलं की त्यांची नजर घारीची आहे, कान सशाचे आहेत आणि नाक... इथे त्यांना तीन शिंका आल्या, म्हणून नाक राहिलं. शेवटी, त्यांचं नाव ऐकताच गुन्हेगार गाव सोडून पळतात, असंही त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. त्यांचं नाव आजवर एकाही गुन्हेगारानं ऐकलेलं नाही, त्यामुळे गावात सगळे गुन्हेगार सुखरूप आहेत.

माझं चाव्या बनवायचं दुकान आहे. मागच्या खोलीत पूर्वी मी भंगार कुलपं ठेवत असे, आता तिथे दाजींचं कार्यालय आहे. बाहेर 'खासगी गुप्तहेर' असा बोर्ड, त्याला बाण आणि बाणाला दिवा. गुप्त म्हणून काय झालं, लोकांना सापडायला नको का, असं त्यांचं म्हणणं. मला साहाय्यक बहिणीनं नेमलंय. मागे एकदा एका कपड्यांच्या दुकानात आरशातल्या माणसाचा पाठलाग करताना दाजींनी कपाळ फोडून घेतलं, तेव्हापासून ती मला म्हणते, "त्यांना एकटं सोडू नकोस."

दाजींच्या नावावर एकच यशस्वी प्रकरण आहे. कुणाची तरी हरवलेली सायकल त्यांनी खुर्चीतून न उठता शोधून दिली. खांबाखांबावर दाजींच्या जाहिरातीची पत्रकं चिकटवून झाली होती, त्यातलं एक वाचून कुणीतरी मोबाइलवर संपर्क केला आणि पुढे सायकल सापडली. कशी सापडली ते दाजी सांगत नाहीत. पद्धत उघड करायची नसते म्हणे. तेव्हापासून ते रोज सकाळी चहाबरोबर 'जनसंपर्क' करतात. डाव्या हातात कप, उजव्या हातात मोबाइल, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी बोलायचं नाही.

त्या दिवशी जनसंपर्क नुकताच आटोपला होता, तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशी आल्या. कपडे लांबआखूड करून देणाऱ्या, पँटच्या चेन बदलणाऱ्या. खाली त्यांचं दुकान, वर मुलगा आणि सून. मुलगा विमा कंपनीचं काम घरूनच करतो, सून बाहेरगावच्या मुलांना स्क्रीनवर गणित शिकवते. दोघं दिवसभर वरच असतात आणि मावशी दिवसभर खालीच असतात. मध्ये जिना आहे, पण तिघांचं सगळं बोलणं 'आपलं घर' नावाच्या ग्रुपवर चालतं.

"तर त्या ग्रुपमध्ये माणसं तीन आणि नंबर चार आहेत," मावशींनी सांगितलं.

दाजींच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ वरच राहिल्या.

चौथा नंबर कुणाचाच नव्हता. नावाच्या जागी नुसतं टिंब, फोटोच्या जागी काळोख. तो कधी काही लिहायचा नाही. मावशी दिवसभर ग्रुपवर जे काही टाकत, त्याखाली सकाळी एक मोठा पिवळा अंगठा मात्र यायचा. परवा मुलाचं लक्ष गेलं आणि त्याची झोप उडाली. घरातल्या सगळ्या गोष्टी कोण परका वाचतोय, असं म्हणून आज संध्याकाळी तो ग्रुपच बंद करणार होता.

"म्हणजे त्याला पकडायचंय," दाजी म्हणाले.

मावशींनी आधी मागे वळून दार लोटलं. "पकडा, असं मुलगा म्हणतो. मला तो नुसता कोण आहे ते कळू दे, साहेब. घरात मी इतकं सांगते, वरून कोणी हूं का चूं करत नाही. तो एकटा उत्तर देतो. ग्रुप बंद झाला तर तो कुठला सापडायला? एकदा समोर बसवून चहा पाजायचाय त्याला."

मी मावशींपुढे स्टूल सरकवलं. दाजींनी यातलं काही ऐकलंच नाही, कारण ते भिंगातून मावशींच्या मोबाइलवरचा अंगठा बघत होते.

"माणूस उजव्या हाताचा आहे," त्यांनी जाहीर केलं. "आणि आजारी आहे. रंग बघा. कावीळ."

मी म्हटलं, दाजी, नंबरच आहे तर फोन लावून बघू. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मीच खजील झालो. संशयिताला कधी फोन लावायचा नाही, हा म्हणे धंद्याचा पहिला नियम. सावज सावध होतं. त्यांनी नंबर खडूनं फळ्यावर लिहिला आणि त्याच्याकडे टक लावून बसले. आकड्यांची बेरीज केली, उलटा वाचला, दोनदा मान हलवली. "कुठेतरी पाहिलाय," ते पुटपुटले. "मोठा सराईत असणार."

मग आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. पिवळ्या अंगठ्याचे रुग्ण किती आहेत, असं दाजींनी डॉक्टरांना दबक्या आवाजात विचारलं. डॉक्टरांनी दाजींना बाकावर झोपवलं, डोळे पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली आणि चहा कमी करा म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले की डॉक्टर काहीतरी लपवतायत.

दुसरा सिद्धांत रस्त्यातच सुचला. अंगठे नेहमी सकाळी येतात. त्या अर्थी माणूस भल्या पहाटे उठणारा, दारोदार फिरणारा आणि बोलण्यात कंजूष. म्हणजे पेपरवाला. पेपरवाला सायकलवर दोन्ही बाजूंना गठ्ठे लावून चालला होता. अंगठा दाखव म्हटल्यावर त्यानं दाखवला, तो शाईनं काळाकुट्ट होता. "रंग बदलतो," असं दाजींनी माझ्या कानात सांगितलं आणि पेपरवाल्याची सायकल त्यांच्या पायावरून गेली.

लंगडत लंगडत आम्ही मावशींच्या घरी वर गेलो. मुलगा एका खुर्चीत, सून दुसऱ्या खुर्चीत, दोघांची तोंडं बंद, माना खाली. दाजींनी मला कोपर मारलं. या घरात भयंकर भांडण झालंय, नवराबायको एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि सगळं कारस्थान त्यातूनच शिजलंय, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात दोघं खिडकीला कुठला पडदा लावायचा ते एकमेकांना मोबाइलवर लिहीत होते आणि निळ्यावर त्यांचं एकमतही झालं होतं.

दाजींनी घसा साफ केला. या घरातलं सगळं जाणून घ्यायची हौस कोणाला असेल, तर ती सुनेच्या आईला, असं त्यांनी फार गोड शब्दांत सुचवलं.

सून एवढंच म्हणाली, "माझी आई अंगठे पाठवत नाही. ती स्वतः येते आणि पंधरा दिवस राहते."

मुलानं मान हलवून दुजोरा दिला. तो सिद्धांत तिथेच मेला.

संध्याकाळ झाली. सगळे खाली दुकानात जमले. मुलानं ग्रुप उघडून ठेवला होता आणि मावशी त्याच्या बोटाकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. दाजी येरझारा घालत होते. परदेशी टोळी, उपग्रह, शेजारच्या इमारतीवरची दुर्बीण, एकेक पिल्लू सोडत होते. तेवढ्यात मावशींच्या नणंदबाई आल्या. खांद्यावर पिशवी, पिशवीची चेन तुटलेली, हातात बटणांचा जुना फोन. आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं.

काय झालंय ते त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या नंबरला फोन लावलात का?"

मी दाजींकडे पाहिलं.

"असं एकदम कोणी फोन लावतं का, आत्या?" मुलगा म्हणाला. "आधी मेसेज करून विचारायचं असतं, लावू का म्हणून."

आत्याबाईंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, मावशींच्या मोबाइलवरचा नंबर मोठ्यानं वाचत आपल्या फोनची बटणं दाबली आणि फोन कानाला लावला.

दाजींचा कोट थरथरायला लागला.

दाजींनी आतल्या खिशातून मोबाइल काढला, आम्हाला गप्प राहण्याची खूण केली आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "हॅलो, खासगी गुप्तहेर बोलतोय. मी सध्या एका नाजूक प्रकरणात गुंतलोय."

"वळा इकडे," आत्याबाई फोनमध्ये म्हणाल्या.

दाजी वळले. त्यांनी आत्याबाईंना पाहिलं, मोबाइलला पाहिलं, पुन्हा आत्याबाईंना पाहिलं. घारीला इतका वेळ लागत नसावा. माझं म्हणाल तर माझ्या मोबाइलमध्ये ते 'दाजी' म्हणून आहेत, नंबर कोण वाचतो? आणि त्यांचा त्यांना पाठ नव्हता, कारण माणूस स्वतःला कशाला फोन करेल?

मग मुलालाच आठवलं. मागे त्याची सायकल हरवली तेव्हा खांबावरचं पत्रक वाचून त्यानं एका गुप्तहेराला घेऊन 'सायकल शोध' असा ग्रुप केला होता. गुप्तहेराचा एक अंगठा आला, दुसऱ्या दिवशी सायकल जिन्याखाली सापडली. मग त्याच ग्रुपचं नाव 'नळदुरुस्ती' झालं, नंतर 'आपलं घर' झालं. गुप्तहेराला काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मुलगा हसला, सून हसली, मीही हसलो. आत्याबाईंनी तर टेबलावर हात आपटला. मावशी हसल्या नाहीत. त्या हळूच दाजींच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुम्ही वाचत होता होय," त्या म्हणाल्या. "रोज."

दाजींना मी आजवर हजार वेळा खोटं बोलताना पाहिलंय. आत्ताही बोलावं, असं मला मनापासून वाटलं.

"नाही, मावशी," दाजी म्हणाले. "मी सगळ्याच ग्रुपना अंगठा देतो. चहा पिता पिता. न वाचता."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या. काम काही केलं नाही, नुसत्या बसल्या.

मुलानं दाजींना ग्रुपमधून काढायला बोट उचललं. "थांब," दाजी म्हणाले. त्यांनी आपल्या मोबाइलवर ग्रुप उघडला, भिंग काढलं आणि पहिल्यांदाच वाचायला लागले. पुरावा वाचतात तसं, मोठ्यानं. 'सुईत दोरा जात नाहीये, कोणी खाली येता का.' खाली अंगठा. 'आज गिऱ्हाइकाकडून ओवून घेतला.' अंगठा. 'बोलून लिहिता येतं ते बरं, मला आता अक्षर लागत नाही.' अंगठा. 'काळ्या कापडावर काळा दोरा घातला की टाका कुठे गेला कळत नाही. कोणी येता का.' अंगठा.

दुकानात कोणीच हसत नव्हतं. सुनेनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं.

"यावरून मी असा निष्कर्ष काढतो," दाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "की मावशींना नीट दिसत नाहीये."

दाजींच्या आयुष्यातला हा पहिला बरोबर निष्कर्ष. त्यांना स्वतःलाही तो आवडला नाही.

मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. आईपासून चार हातांवर उभा होता तो. त्याचे अंगठे सवयीनं चालले आणि मशीनवरचा मावशींचा मोबाइल टुंग करून वाजला. मावशींनी तो लांब धरला, मग अगदी नाकाशी धरला.

"काय लिहिलंयस?" त्यांनी विचारलं.

मुलानं मोबाइल खिशात घातला. "आई, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर."

"मग तसं बोल की. शिवणकाम मी करते, तुझं तोंड कोणी शिवलं?"

आणि मावशी सुरू झाल्या. डोळ्यांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, वरचं पातेलं कसं करपतं ते सांगितलं, निळा पडदा त्या खोलीत कसा अंधार करेल तेही सांगितलं. मुलगा आणि सून कापडाच्या गठ्ठ्यावर बसून निमूट ऐकत होते. दाजींनी दाराशी उभं राहून 'प्रकरण बंद' असं जाहीर केलं. कोणी वर पाहिलं नाही, म्हणून तेही आत येऊन बसले.