सुखदेवनं कापलेला कोपरा

आमच्या गल्लीतला सुखदेव मेलेल्या माणसाची गोधडी चोरते. पुरी नाही, कोपरा.

माणूस गेलं की त्याचं अंथरूण मसणात नेऊन जाळा लागते. घरचे हात लावत नाहीत, सुखदेव नेते. बिनलग्नाचा गडी, घरी कोणी नाही. जाळायच्या आधी कातरीनं कोपरा कापते अन् आपल्या गोधडीले जोडते. साऱ्या जानेफळ गावाले हे कोर्टात समजलं.

माझी बायको कमला गेली, तिचीही गोधडी त्यानंच नेली. मंग पंचाईत झाली. तिच्या बापाकडून आलेलं वावर तिनं वंदनाले लिहून ठेवलं होतं. वंदना आमची पोटची नाही, वाढवलेली. मृत्युपत्राची झेरॉक्स वकिलापाशी, अस्सल कागद कमलापाशी. घर उलथंपालथं केलं, सापडला नाही. कमलाचा भाचा म्हणे, आत्यानंच फाडला, तिचं मन फिरलं. वकील म्हणे, हे टिकलं तर वंदनाच्या हाती काही नाही.

हे ऐकून सुखदेव खाली मान घालून आला. कमलाच्या गोधडीत कागद वाजला होता म्हणे. कापलेला कोपरा शिवतानी सुईले इस्टाम्पाचा तुकडा लागला. काऊन नाही बोलला बे, मी ओरडलो. तर म्हणे, कोपऱ्याचं कळलं असतं ना लोकाईले.

तरी मेहकरच्या कोर्टात त्यानं आपली सारी गोधडी पसरली. साहेब, हा पिवळा म्हंजे शंकरभाऊची माय, हा पट्ट्याचा म्हंजे मास्तर, ह्या कमलावहिनी. मागं बसलेला शंकर शिव्या देऊन राह्यला होता.

भाच्याच्या वकिलानं हासून इचारलं, जाळायच्या आधी उसवून काऊन नाही पाह्यली?

"दुसऱ्याच्या झोपेत हात घालू नये, वकीलसाहेब."

जज्जसाहेब हासले नाहीत. कोपरा उसवला. तुकड्यावर कमलाचा अर्धा आंगठा निघाला, झेरॉक्सवर होता तसाच. कागद जळाला, कोणी फाडला नाही, हे कोर्टानं मानलं. वावर वंदनाचं झालं.

गोधडी मात्र पुराव्यात अडकली.

हिवाळा लागला तशी मी त्याले माझी रजई नेऊन देली. सकाळी घडी करून वापस घेऊन आला.

"हीव नाही वाजत, दादा. एवढी माणसं अंगावर राहत. आता एकटं वाटते."

मी पेटीतून कमलाचं लुगडं काढलं अन् त्याच्या हाती देलं. आधी एक कोपरा कापून घेतला. माझ्यासाठी.