नववा दाणा

मुंबईला निघालेला माणूस आधी गाडीची वेळ विचारतो. आमच्या न्हावऱ्यात तो आधी गेनूआप्पांकडं हरभरे आणायला जायचा.

खायला नव्हे हो, मुंबई मोजायला!

आप्पांच्या पडवीत भिंतीला खुंट्या होत्या आणि खुंटीखुंटीला चिंधीच्या पुरचुंड्या टांगलेल्या. काळ्या दोऱ्याची कुर्ल्याची, लाल दोऱ्याची घाटकोपरची, पांढऱ्या दोऱ्याची भांडूपची. दादरला लोकलमध्ये बसायचं आणि पुढं जितकी स्टेशनं, तितके हरभरे आणि वर एक. स्टेशन आलं की एक दाणा खिडकीतून टाकायचा. मुठीत शेवटचा एकच दाणा उरला की उतरायचं. पाटीकडं बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

"इचारायचं कशापायी?" आप्पा म्हणायचे. "इचारलं की मानूस सांगतो, आन् सांगितलं की चुकतं. मुंबई म्हंजी काय? लांबडं शिवार. दर बांधाला एक दाणा. मोजलं की झालं!"

'मोजलं की झालं' हे आप्पांचं दिवसातून वीसदा. लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण ते त्यांनी कधी कबूल केलं नाही. मी एकदा म्हणालो, "आप्पा, पाट्या वाचायला शिका की. मी शिकवतो." तर म्हणाले, "पाटी वाचंस्तवर गाडी सुटती, दामू. दाणा कसा, हातात आसतो."

दामू म्हणजे मी. आप्पांचा शेजारी. एसटीत कंडक्टर, शिरूर-दौंड गाडीवर. चालत्या गाडीत डोकी मोजणं हा माझा धंदा, आणि त्यात मी चुकलो असं अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. म्हणूनच आप्पांच्या पुरचुंड्या बघितल्या की माझं टाळकं सरकायचं. कारण प्रत्येक पुरचुंडीत एक दाणा जास्त असायचा!

"आप्पा, भांडूप दादरपासून आठवं. मग आठ दाणे घाला ना. मूठ रिकामी झाली की उतरा. सरळ काम."

"नववा मोजायचा न्हाई."

"मग घालता कशाला?"

"त्यो माघारी आणायचा. माझ्याकडं."

"पण का?"

"तू घंटी दोनदा का मारतूस, म्या कवा इचारलं?"

डोंबल!

दुष्काळाच्या वर्षी आणि त्यानंतर आमच्या गावातल्या बऱ्याच पोरी मुंबईच्या पोरांना दिल्या गेल्या. शेतात काही राहिलं नव्हतं, कारखान्यात काम करणारा जावई म्हणजे देवच वाटायचा. पोरी गेल्या आणि मागं राहिले त्यांचे आईबाप, ज्यांनी दौंडच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. आप्पांची एकुलती एक सुमन अशीच भांडूपला दिलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली. आप्पांनीच तिची वेणीफणी केली, आप्पांनीच तिला भाकरी थापायला शिकवलं. त्यामुळं सुमनची भाकरी आप्पांसारखीच एका कडेला जाड व्हायची.

आणि ही सुमन लग्न होऊन गेली, त्याला दोन वर्षं होत आली तरी एकदाही माहेरी आली नव्हती. कुणी विचारलं की आप्पा म्हणायचे, "येईल की. मुंबईला कामं आसत्यात मानसाला." आणि लगेच अंबरनाथची गोष्ट सांगायला घ्यायचे.

ती गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला सुमनला आणायला मुराळी म्हणून जायचं होतं. मुराळी म्हणजे भाऊ जातो, पण सुमनला भाऊ कुठला? तेव्हा बापच मुराळी. आप्पांनी मला विचारलं, "भांडूप कितवं ठेसन?" मी दौंड स्टेशनात चौकशी केली आणि ऐटीत सांगितलं, "दादरपासून आठवं." झालं. आप्पांनी मुंडाशाच्या पदरात आठ हरभरे बांधले, नवी कोपरी घातली आणि गेले.

पुढचं आप्पांच्याच तोंडून ऐकावं.

"दादरला गाडी आली, बसलो. मोकळी व्हती, खिडकी मिळाली. थांबली, टाकला दाणा. थांबली, टाकला दाणा. एका दाण्यातनं दुसऱ्या दाण्याला लई येळ लागायला लागला. म्या म्हनलं, मुंबईचे बांध लांब आसत्याल. आठवा दाणा पडला, उतरलो. बाहेर आलो. जावई म्हनला व्हता, कारखान्याच्या मागं चाळ. कारखाना हाय! मागं चाळबी हाय! घरोघर फिरलो, सुमन ऱ्हाती का, सुमन ऱ्हाती का. आन् एका घरात सुमनच निघाली की!"

"आँ!"

"चांगली पन्नाशीची बाई. लई मायाळू. तिनं च्या पाजला. मंग म्हनली, 'बाबा, हे अंबरनाथ हाय.'"

आप्पा जलद गाडीत बसले होते. ती मधली सगळी बारकी स्टेशनं सोडून थेट मोठ्यांनाच थांबत गेली, आणि आठव्या दाण्याला कल्याणच्याही पुढं जाऊन पोचली. मी बापडा एसटीतला, आमची गाडी हात दाखवला तिथं थांबते. स्टेशन आलं तरी गाडी थांबत नाही, ही गोष्ट माझ्या टाळक्यात यावी कशी? रात्र आप्पांनी अंबरनाथच्या फलाटावर काढली आणि दुसऱ्या दिवशी भांडूपला पोचले.

"गणित बराबर व्हतं," गोष्टीच्या शेवटी आप्पा मांडीवर थाप मारायचे, "मुंबईच चुकली!"

लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. मग सुमन बरोबर का आली नाही, हे हसण्याच्या नादात कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

तिथून आल्यावर आप्पांनी हे हरभऱ्यांचं शास्त्र काढलं. आता त्यात नियम आले. "माटुंग्याला थांबली तर धिमी. न थांबता गेली तर दाणे खिशात आन् जिथं थांबंल तिथं खाली!" दाणे कच्चेच हवेत, कारण पहिल्या खेपेला ठमाबाईला फुटाणे दिले होते आणि तिनं ते लोणावळ्याच्या आतच खाऊन टाकले. घाटकोपरला लेकीकडं निघालेली बाई, कुर्ल्यात रडत बसली.

त्यानंतर आप्पांनी परीक्षा सुरू केली. परीक्षेत पास झाल्याशिवाय पुरचुंडी नाही! अंगणात बाज टाकलेली असायची, ती लोकल. बाजेवर ठमाबाई मूठ आवळून बसलेली. आप्पा तोंडानं गाडी चालवत बाजेभोवती फिरायचे. मध्येच थांबायचे.

"ठेसन!"

ठमाबाई दाणा टाकायची.

"ठेसन!"

दाणा. मग आप्पा न थांबता नुसतेच ओरडत पुढं जायचे, "ठेसन!" ठमाबाईनं टाकलाच दाणा.

"थांबली का गाडी? थांबली का? गेलीस आंबरनाथला!"

"आवं पण आप्पा, तुमी ठेसन म्हनला की!"

"म्या म्हनलं म्हणून काय झालं? मुंबईत कुनीबी कायबी म्हनंल! पुन्यांदा!"

तीन दिवस ती बाई बाजेवर बसून मुंबईला जात होती. पण पोचली हो, बरोब्बर घाटकोपरला पोचली. मुठीत एक दाणा घेऊन उतरली.

माझी गाडी दौंडहून दुपारी चारला न्हावऱ्यात यायची. स्टँडच्या चिंचेखाली आप्पा उभेच. ऊन असो, वारा असो. मुंबईहून कुणी उतरलं की रामराम नाही, खुशाली नाही, आधी हात पुढं. "दाणा?" माणूस पुरचुंडी सोडून उरलेला दाणा हातावर ठेवायचा. आप्पा तो उजेडात धरून बघायचे आणि घरी जाऊन गाडग्यात टाकायचे. ठमाबाईचा दाणा तिच्या नातवानं गिळला, तर आप्पा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आणि ज्या दिवशी मुंबईचं कुणीच नसायचं, त्या दिवशी गाडी रिकामी होईपर्यंत आत वाकून वाकून बघायचे.

"आप्पा, सीटखाली काय दाणे सांडल्यात का?" मी चेष्टा करायचो.

"बघावं लागतं बाबा," ते म्हणायचे आणि घरी जायचे.

चैत्रातली गोष्ट. दौंडच्या स्टँडवर गाडी लागली, मी चढणारांची डोकी मोजत होतो. एक पोरगी पिशवी घेऊन चढायला लागली. पोट दिसत होतं, सातवा तरी असावा. मी म्हटलं, "सावकाश बाई, गाडी काय पळून जात न्हाई." तिनं वर बघितलं आणि हसली.

"दामूकाका, न्हावरं द्या एक."

सुमन! माझ्या हातातली तिकिटांची पेटीच सुटायची राहिली. पुढच्या सीटवरच्या गड्याला उठवून तिला बसवलं. मागं जावई नाही, दीर नाही, कुणी नाही.

"एकटी आलीस? कुणी आणलं तुला?"

तिनं मूठ उघडली. मळून काळी पडलेली चिंधी, आणि त्यात एक हरभरा.

गाडी निघाली. तिकिटं फाडून झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि अंबरनाथच्या गोष्टीचा उरलेला भाग तेव्हा ऐकला.

"आप्पा दुसऱ्या दिशी आले, काका. कोपरीला काळं लागलेलं, डोळे लाल. सासूबाई दारातच म्हनल्या, 'ज्याला आपली पोर कुठं ऱ्हाती ते घावत न्हाई, त्याच्या हवाली सून कशी करायची? वाचता येनारा मुराळी धाडा.' सगळी चाळ ऐकत व्हती. आप्पा तसेच माघारी फिरले. दुकानातनं मूठभर हरभरे आणले, नळाशी मला बोलावलं आन् नऊ मोजून चिंधीत बांधून माझ्या पदरात घातले. म्हनले, 'आठ टाकलं की दादर. तिथनं दौंडची गाडी. नववा मला आणून दे. मुराळी कशाला पायजे?'"

मी वरचा दांडा घट्ट धरला. आठवं स्टेशन मीच सांगितलं होतं ना, ऐटीत. आणि दोन वर्षं मीच त्या गोष्टीला सगळ्यात मोठ्यानं हसत होतो. माझी मलाच लाज वाटली.

"मंग आत्ता कसं धाडलं सासूबाईंनी?"

"त्या म्हनल्या, पहिलं बाळंतपण माहेरी आसतं हे खरं, पण तुला आई न्हाई, आन् न्यायला येनार कोण? म्या पुरचुंडी दाखवली. म्हनलं, ह्यो माझा मुराळी. दोन वर्सं डब्यात बसून हाय." ती पदर तोंडाला लावून हसली. "ह्यांनी दादरपतुर येतो म्हनलं. म्या म्हनलं नगं, दाणे वाया जात्याल. तर मागल्या डब्यात लपून आलेच! दौंडच्या गाडीत बसवून गेले."

न्हावरं आलं. चिंचेखाली आप्पा उभे. पहिल्यांदा गणपा कुंभार उतरला, तर त्याच्यापुढं हात. "दाणा?"

"आप्पा, म्या दौंडच्या बाजारासनं आलोय!"

त्याच्यामागून सुमन उतरली. आप्पांचा हात तसाच पुढं होता. तिनं त्यावर हरभरा ठेवला.

आप्पांनी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. दाणा बोटांत धरून उजेडात फिरवला.

"भांडूपचा?"

"व्हय, आप्पा."

"धिमीच मिळाली न्हवं?"

"धिमीच."

"मोजलं की..." एवढंच आलं तोंडातून. पुढचं 'झालं' काही येईना. मुंडासं काढलं, त्यात तोंड खुपसलं आणि तो ताडमाड म्हातारा भर स्टँडवर लहान पोरासारखा रडायला लागला. सुमन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दोनदा घंटी मारली, पण गाडी हलली नाही. ड्रायव्हरही मागं वळून बघत होता.

आई नाही म्हणून काही अडलं नाही. आमची मंडळी पदर खोचून शेजारी जाऊन राहिली, दोन महिने मी हातानं कालवण करून खाल्लं. सुमनला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. सासूबाईही आल्या, मुलाचा हात धरून, आणि आल्या आल्या जावयानं आप्पांना सांगितलं की त्या सगळ्या वाटेनं स्टेशनं मोजत होत्या.

बारशाला घुगऱ्या लागतात, शिजवलेले हरभरे. आप्पांनी आदल्या दिवशी आतून गाडगं आणलं आणि माझ्या बायकोपुढं उपडं केलं. दोन वर्षांत मुंबईला जाऊन परत आलेल्या माणसांचे दाणे. कुर्ल्याचे, घाटकोपरचे, भांडूपचे. वर एक मळकट चिंधीतला. कमी पडले म्हणून वरून घरचे दोन शेर घातले, पण आधी हे भिजले.

दुसऱ्या दिवशी पंगतीत आप्पा स्वतः वाढायला आले. माझ्या द्रोणात मूठभर घुगऱ्या घातल्या आणि समोर उकिडवे बसले.

"नववा कशाला, नववा कशाला, म्हणून माझं डोकं खाल्लंस न्हवं दोन वर्सं? ह्याच्यापायी. जो गेला त्यो माघारी येतो का न्हाई, ते बघत व्हतो. सगळे आले. मंग म्हनलं, माझीबी येनार." त्यांनी द्रोण माझ्याकडं सरकवला. "मोज आता. लई मोजनारा तू."

मी मोजायला लागलो. दहाच्या पुढं मला काही नीट दिसेना.